ज्यूस प्यायचा की मोसंबी खायची? पाळी गेल्यानंतरचा हिशोब

आमचा सकाळचा वॉकचा ग्रुप ठाण्यातल्या उपवन तलावाला दोन फेऱ्या मारतो, म्हणजे मारायच्या असतात, प्रत्यक्षात दीड होते आणि मग पाय आपोआप ज्यूसच्या गाडीकडे वळतात. सात-आठ जणी आहोत, सगळ्या ४८ ते ६५ मधल्या, म्हणजे एकतर पाळी गेलेल्या नाहीतर जायच्या रांगेत उभ्या. गाडीवर पाटी आहे, गाजर डोळ्यांना, बीट रक्ताला, दुधी हार्टला, कारलं शुगरला, आवळा केसांना, आणि सगळ्यात खाली "लेडीज स्पेशल", त्यात काय असतं ते त्या गाडीवाल्यालाच माहीत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाहीये, पण ग्रुपमधली सायन्सवाली म्हणून सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. परवा एका काकूंनी ग्लास हातात धरूनच विचारलं, "अगं, ज्यूसने म्हातारपण लांबतं म्हणतात ते खरं का गं? आणि दुसरीकडे म्हणतात ज्यूस म्हणजे नुसतं साखरेचं पाणी. नक्की काय ते एकदा सांगून टाक." तर दुसरी म्हणाली, लांबतं म्हणजे काय, उशिरा येतं की जास्त दिवस टिकतं? सगळ्या हसल्या पण प्रश्न बरोबर आहे.

जास्त दिवस टिकणारं म्हातारपण कोणालाच नकोय. संशोधनवाले ज्याला हेल्दी एजिंग म्हणतात ते वेगळं, म्हणजे वय वाढलं तरी आपलं आपण करता यायला हवं, जिना चढता यायला हवा, डोकं ताळ्यावर हवं. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, तर २०२१ ते २०३० हे दशकच यासाठी ठरवलंय. २०२५ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, १,०५,०१५ लोक, तीस वर्षांपर्यंत कोण काय खातं याची नोंद, आणि त्यात बघितलं की ७० व्या वर्षी किती जण मोठ्या आजारांशिवाय, शरीराने, मनाने आणि बुद्धीने धड आहेत. उत्तर आलं ९.३ टक्के. म्हणजे शंभरातले नऊ. आणि हे बहुतेक नर्सेस आणि आरोग्य क्षेत्रातलेच लोक होते बरं का, ज्यांना काय खावं हे आपल्यापेक्षा जास्त कळतं असं आपण समजतो.

आता यातली एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी खाण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींना मार्क दिले, आणि ज्या पद्धतीचा धडधाकट म्हातारपणाशी सगळ्यात जवळचा संबंध दिसला त्या मार्कांच्या तक्त्यात फळांना मार्क आहेत, पण ज्यूस फळांच्या खान्यात नाहीच. तो साखरेच्या कोल्ड्रिंकबरोबर एका खान्यात बसवलाय, आणि त्या खान्यात पूर्ण मार्क कोणाला, तर जो काहीच पीत नाही त्याला! मी हे ग्रुपमध्ये सांगितलं तर काकूंनी ग्लास खाली ठेवला. लगेच घाबरू नका, पुढे ऐका, कारण गोष्ट इतकी सरळ नाहीये.

आधी पाळी गेल्यावर शरीरात काय होतं ते बघू. बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणायचं, आपल्याकडे सरासरी ४६-४७ व्या वर्षी, पाश्चात्य देशात ५१ च्या आसपास, म्हणजे आपल्या बायका या टप्प्यात चार-पाच वर्षं आधीच येतात. इस्ट्रोजेन खाली येतं. लोक समजतात हे हार्मोन फक्त पाळीसाठी, पण ते घरातल्या त्या बाईसारखं असतं जी दहा कामं न सांगता करत असते आणि ती माहेरी गेली की मग कळतं काय काय अडलं ते. हाडं झिजायचा वेग इस्ट्रोजेन आवरून धरतं, ते गेलं की सुरुवातीची काही वर्षं हाडं भराभर विरळ होतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं ज्याने वाहिनी सैल पडते, त्यालाही इस्ट्रोजेनची मदत असते, ती कमी झाली की बीपी वर सरकायला लागतं. वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. चरबी आधी मांड्या-नितंबांवर बसायची ती आता पोटावर येते, आतल्या अवयवांभोवती, आणि ही पोटातली चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. स्नायूही कमी होत जातात, आणि जेवणातली साखर खेचून घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्नायूच असतात. म्हणजे चाळिशीत जो ग्लास पचून जायचा तोच ग्लास पंचावन्नला शरीराला जड जाऊ शकतो, ग्लास तोच आहे, घर बदललंय.

मग मी घरी एक उद्योग केला. वाशीच्या एपीएमसीतून आमचा भाचा पेटीभर मोसंबी घेऊन आला होता, जालन्याची, पातळ सालीची. तीन घेतली, सोलून वजनकाट्यावर ठेवली, भरली ४३० ग्रॅम. मिक्सरमधून काढून गाळली, ज्यूस निघाला एक मोठा ग्लास, २४० मिली, आणि गाळणीत उरला चोथा, १६० ग्रॅमच्या आसपास, ओलसर, पिवळट, हाताला खरखरीत. मी तो मुठीत घेऊन बघत बसले कारण जे आपण फेकतो ते एवढं असतं हे कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. मग घड्याळ लावलं. ग्लास संपला ३५ सेकंदात. दुसऱ्या दिवशी त्याच पेटीतली तीन मोसंबी फोडी करून खायला बसले, बिया काढत, पाकळीची जाड साल थुंकत, दोन संपायला बारा-तेरा मिनिटं गेली आणि तिसरं गेलंच नाही, झाकून ठेवलं.

सगळा मुद्दा तिथेच आहे बघा. एका ग्लासात साधारण २० ते २२ ग्रॅम साखर गेली, पाच चमचे, वरून एकही चमचा न घालता. डब्ल्यूएचओ ज्या साखरेवर मर्यादा घालायला सांगतं तिला फ्री शुगर म्हणतात, आणि त्यात चहातली साखर, गूळ, मध यांच्याबरोबर फळांच्या ज्यूसमधली साखरसुद्धा धरलीये, अख्ख्या फळातली नाही धरलेली. का? कारण फळात ती पेशींच्या भिंतींच्या आत कोंडलेली असते, चावा, गिळा, आतड्यात भिंती हळूहळू फुटतात आणि साखर हप्त्याहप्त्याने बाहेर येते. मिक्सरने त्या भिंती आधीच फोडल्या आणि गाळणीने बाजूला काढल्या. डब्ल्यूएचओचं म्हणणं रोजच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांखाली आणि जमलं तर ५ टक्क्यांखाली ठेवा, ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. एक मोठा ग्लास ज्यूस झाला की दिवसभराच्या चहाची साखर उधारीवर.

यावर एक जुना आणि छोटासा प्रयोग आहे, १९७७ चा, इंग्लंडमधला. दहा जणांना सफरचंद दिलं, एकदा अख्खं, एकदा गर करून, एकदा ज्यूस, तिन्हीत साखर सारखीच. ज्यूस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट लवकर संपला, पोट भरल्यासारखं सगळ्यात कमी ज्यूसने वाटलं. आणि गंमत म्हणजे रक्तातली साखर चढली ती तिन्हीत साधारण सारखीच, पण ज्यूसनंतर इन्सुलिन जास्त उसळलं आणि मग साखर खाली आपटली, अख्ख्या फळात तसं झालं नाही. सकाळी ज्यूस पिऊन साडेदहाला हातपाय गळतात आणि बिस्किटाचा पुडा उघडला जातो ना, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

मग ज्यूस पिणाऱ्या बायकांना शुगर होते का? इथे दोन मोठे अभ्यास दोन दिशांना बोलतात. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचं प्रचंड मोठं काम झालं, १९९३ ते १९९८ मध्ये ५० ते ७९ वयाच्या, पाळी गेलेल्या १,६१,८०८ बायका त्यात घेतल्या. त्यातल्या १,१४,२१९ जणींची साधारण आठ वर्षांची माहिती तपासली तर शुद्ध, साखर न घातलेला ज्यूस आणि डायबिटीस यांचा संबंध दिसला नाही. दुसरीकडे २०१३ मध्ये नर्सेस आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या १,८७,३८२ जणांच्या अभ्यासात उलटं आलं, अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद जास्त खाणाऱ्यांना डायबिटीस कमी आणि ज्यूसवाल्यांना थोडा जास्त, आणि आठवड्यातले तीन ग्लास ज्यूस काढून तेवढंच अख्खं फळ घेतलं तर धोका ७ टक्के कमी असा त्यांचा हिशोब.

आता कोण खरं? दोन्ही, आपापल्या जागी. हे अभ्यास म्हणजे लोक काय खातात ते विचारायचं आणि वर्षानुवर्षं बघत राहायचं, कोणाला जबरदस्तीने काही पाजायचं नाही. मग ज्या बाईला महाग शुद्ध ज्यूस परवडतो ती बहुतेक जिमला पण जाते, तपासण्या पण वेळेवर करते, म्हणून ज्यूस निर्दोष दिसू शकतो. आणि ज्यूस कशाच्या जागी आला हेही असतंच, कोल्ड्रिंकच्या जागी आला तर फायदा, फळाच्या जागी आला तर तोटा. आकडे छापणारे हे हिशोबात धरायचा प्रयत्न करतात पण सगळं धरता येत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर "ज्यूसने अमुक टक्के धोका" असं आलं की मी आधी बघते की ज्यूसच्या बदल्यात काय होतं, आणि बहुतेक वेळा ते लिहिलेलंच नसतं.

वजनाचं मात्र विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्याच बायकांमध्ये थोडं स्पष्ट दिसलं. ४९,१०६ जणींमध्ये तीन वर्षांत रोज एक छोटा ग्लास ज्यूस वाढवला की वजन साधारण १८० ग्रॅम वाढलं, आणि रोज एक वाटा अख्खं फळ वाढवलं की ३२५ ग्रॅमच्या आसपास कमी झालं. हसू येतं ना आकडा बघून, एवढ्याशा वजनाला काय घाबरायचं. ज्यूस हा काही राक्षस नाहीये. पण दिशा बघा, एक वर, एक खाली, आणि दोन्हीला आपण "फळ घेतलं" असंच म्हणतो.

ज्यूसच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर आमचा गाडीवाला माझ्याशी बोलायचा नाही. बीट घ्या. पाटीवर लिहिलंय रक्ताला, ते तसं चुकीचंच आहे, बीटात लोह १०० ग्रॅमला जेमतेम एक मिलिग्रॅम असतं, लाल रंगाचा आणि हिमोग्लोबिनचा काही संबंध नाही. पण बीटात नायट्रेट भरपूर असतं, तोंडातले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि शरीर त्यातून तेच नायट्रिक ऑक्साइड बनवतं जे इस्ट्रोजेन गेल्यावर कमी पडतं. अमेरिकेत पाळी गेलेल्या २४ बायकांना बीटाच्या ज्यूसच्या पहिल्यांदा दोन छोट्या बाटल्या आणि मग आठवडाभर रोज सकाळी एक दिली, आणि मग त्याच बायकांना नायट्रेट काढून टाकलेला तसाच दिसणारा ज्यूस. नायट्रेटवाल्याने रक्तवाहिन्या जास्त चांगल्या सैल पडत होत्या, पण शेवटच्या बाटलीनंतर एक दिवस गेला की फायदा गायब. २४ च बायका होत्या, त्यांना कमी हार्ट अटॅक आले वगैरे कोणी बघितलेलं नाही, तरी दिशा चांगली आहे. आणि जंतुनाशक माउथवॉशने खळखळून गुळण्या करणाऱ्यांना यातलं फार मिळत नाही, कारण ते बॅक्टेरियाच मरतात.

बीटाचं अजून एक, आणि हे मी मुद्दाम लिहितेय. आमच्यातल्या एकीने दोन ग्लास बीट ज्यूस प्यायला आणि दुपारी लघवी गुलाबी झाली, तिला वाटलं रक्त जातंय, फोनवर रडत होती. बीटाने तसं काही जणींना होतं, एक-दोन दिवसांत जातं. पण पाळी जाऊन वर्ष झाल्यानंतर कपड्याला खरंच डाग लागला, अगदी एक थेंब, तर बीट खाल्लं होतं म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. त्या तपासणीत टाळाटाळ नको.

हाडांसाठी ज्यूसकडे बघत असाल तर जरा थांबा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या हिशोबाने पाळी गेलेल्या बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि संत्र्याच्या एका ग्लासात असतं २५-३०. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे असतं, तीळ, दूध, दही, छोटे मासे काट्यासकट, हे खरं काम करतात. फळातलं एक नाव मात्र हाडांच्या बाबतीत घ्यायला हवं, प्रून, म्हणजे वाळवलेला प्लम, आपल्या आलुबुखाऱ्याचा भाऊ. २३५ बायकांवर वर्षभर प्रयोग झाला, रोज ५० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा नग, खाणाऱ्यांची खुब्याच्या हाडाची घनता टिकली, न खाणाऱ्यांची घटली. १०० ग्रॅमवाल्यांतल्या कितीतरी जणी मध्येच सोडून गेल्या, का ते प्रून खाऊन बघितलेल्यांना सांगायला नको. पैसा कॅलिफोर्नियाच्या प्रून बोर्डाचा होता हेही सांगते, म्हणून प्रयोग खोटा ठरत नाही पण लक्षात ठेवायचं. आणि तिथेही अख्खं फळ होतं, रस नव्हता.

पाकिटातल्या ज्यूसबद्दल फार लिहित नाही. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे आटवलेल्या रसात, पाणी घालून केलेल्या ज्यूसवर "१०० टक्के फ्रूट ज्यूस" असं छापू नका, जाहिरातीतही नको. आणि "फ्रूट ड्रिंक" लिहिलेलं असेल तर त्यात १० टक्के फळ असलं तरी नियमात बसतं, बाकी पाणी आणि साखर. मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो, लावा. उसाचा रस तर १०० मिलीला १३ ते १५ ग्रॅम साखर, आयसीएमआरने २०२४ च्या गाइडलाइनमध्ये तो कमी प्या असं नाव घेऊन सांगितलंय. मला तो आवडतो, आलं-लिंबू घालून, महिन्यातून एकदा पिते आणि त्या दिवशी गोड चहा नाही.

दुधीवर मात्र अडून बसणार आहे. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाचं विष असतं, आणि कडू दुधीच्या ज्यूसने उलट्या, रक्ताची उलटी, बीपी एकदम खाली असं होऊन माणसं दगावलीत, २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा ज्यूस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरच्या समितीने सांगितलं की आधी छोटा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर फेका, आणि दुसऱ्या ज्यूसमध्ये मिसळू नका. आता आमच्या गाडीवर दुधी आणि कारलं एकाच ग्लासात देतात. कडू कुठला ते कसं कळणार? मी त्याला हे सांगितलं, तो म्हणाला, मॅडम, वीस वर्षं विकतोय. मी म्हटलं विक, आमच्या ग्लासात नको.

मग काकूंना मी काय सांगितलं, तर आवडतो ना ज्यूस, प्या, पण चहाच्या कपाएवढा, रोज नाही, न गाळता, साखर-सिरप न घालता, आणि उपाशीपोटी औषध म्हणून नाही तर जेवणाबरोबर किंवा मूठभर शेंगदाण्यांबरोबर. डायबिटीस असेल, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारून, कारण संत्रं-मोसंबीच्या रसात आणि नारळपाण्यात पोटॅशियम असतं आणि बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.

हे ऐकून त्यांनी सहज सांगितलं की माझी हाडांची आठवड्याची गोळी असते ना, रविवारची, ती मी मोसंबीच्या ज्यूसबरोबरच घेते, पाणी नुसतं जात नाही सकाळी. मी हबकलेच. ॲलेंड्रोनेट त्या गोळीचं नाव, संत्र्याच्या ज्यूसबरोबर किंवा कॉफीबरोबर घेतली तर तिचं शोषण साधारण ६० टक्क्यांनी घटतं, आणि मुळात ती शोषलीच फार थोडी जाते. दोन वर्षं घेत होत्या. मोसंबीच्या रसाचं वेगळं काही नसणार, सूचना साधी आहे, फक्त साधं पाणी, पूर्ण पेलाभर, आणि नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आडवंही व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, डॉक्टर म्हणाले बरं झालं विचारलंत, पुढच्या डेक्साला, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीला, बघू. आता रविवारी त्या पाण्याबरोबर गोळी घेतात आणि खुर्चीत ताठ बसून पेपर वाचतात, मोसंबी दुपारी जेवणानंतर सोलून, बिया वाटीत काढत.